नऊ जणांचं शून्य

शुक्रवारची कबुलीची प्रार्थना आटोपली आणि सगळं घर पांढऱ्या झग्यांतच कगेहाच्या अंगणात येऊन थडकलं. आल्याआल्या पहिला पेच पडला तो बसण्याचा. जावयाला कुठे बसवायचं?

इंबुगा रजा काढून किसुमू शहरातून आला होता. जेन्देकाचा नवरा, कगेहाचा एकुलता एक जावई, हिशेबतपासनिसाच्या कचेरीत नोकरीला. आख्ख्या खानदानात प्राप्तिकराचं रिटर्न नीट भरता येणारा तो एकटाच. आणि नेमकं त्याच्याच समोर कगेहाला बसता येत नव्हतं. सासूने जावयाचं तोंड पाहायचं नाही, जावयाने सासूचं. एका चटईवर टेकायचं नाही, सरळ एकमेकांशी बोलायचं नाही. शहराकडची मंडळी हल्ली हे फारसं मनावर घेत नाहीत. कगेहा घ्यायची. लेकीच्या लग्नाला तीन वर्षं होत आली, पण तिने जावयाची पाठ तेवढी पाहिली होती. "पाठ चांगली रुंद आहे," असं ती शेजारणींना कौतुकाने सांगायची.

"तो घरात बसेल, मी अंगणात," कगेहा म्हणाली.

"घरात नेट कुठे येतंय, आई?" जेन्देका म्हणाली. "नेट खडकावर येतं."

घरामागचा तो खडक आमच्याकडच्या सगळ्याच खडकांसारखा, डोंगरातून घरंगळत येऊन मध्येच विसावलेला. वर चढलं की खालच्या चहाच्या मळ्यापर्यंत सगळं दिसतं आणि फोनला जीव येतो. अखेर ठरलं ते असं: जावई खडकाच्या माथ्यावर, संगणक मांडीवर, तोंड मळ्याकडे. सासू खाली अवोकाडोच्या झाडाखाली, तोंड चुलीकडे. आणि जेन्देका मधल्या उतारावर, वरचा प्रश्न खाली आणि खालचं उत्तर वर पोचवायला.

"म्हणजे माझं सगळं उत्पन्न गावाने ऐकायचं," कगेहा म्हणाली.

"ऐकेल तर ऐकेल," थोरली जाऊ मुसिंबी रताळी सोलता सोलता म्हणाली. "आत्ताच तर सगळ्या मंडळीसमोर तू कबूल केलंस, की शेजारणीच्या बकरीला काठी मारलीस म्हणून. आता लपवायला उरलंय काय?"

सगळे हसले. हसला नाही तो एकटा अदागाला.

अदागाला म्हणजे मुसिंबीचा नवरा, कगेहाचा थोरला दीर, मंडळीतला वडील. ओंबिमा, म्हणजे कगेहाचा नवरा, गेल्यापासून त्याचा ढोल अदागालाच्या घरी होता, आणि तो ढोल वाजल्याशिवाय कगेहाचं गाणं उभं राहत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कगेहाचा गायलेला उपदेश ज्याने ऐकला नाही त्याला तो कसा सांगावा! सुरुवातीला ती नुसती बोलते, कुंपणापलीकडच्या बाईशी बोलावं तसं. पोथीतली एखादी गोष्ट, त्यात आपल्या बाजारातली दोन माणसं. मग एखादा शब्द लांबतो. ढोल तो उचलून धरतो. माणसं उत्तर देतात, आणि आपले पाय जमिनीवरून कधी उचलले गेले ते आपल्यालाच कळत नाही. देव जवळ आला असं लोक म्हणतात. मी म्हणेन, तो जवळच असतो. ती फक्त त्याला हाक मारते.

तीच हाक गेल्या वर्षी कोणीतरी टिपून घेतली, आणि आता दहा गावांतल्या लोकांना फोन लावला की घंटीच्या जागी कगेहा ऐकू येते. फोन कंपनीकडून त्याचा वाटा तिला मिळू लागला, त्यासाठी तिच्या नावाने कर-क्रमांक काढावा लागला, आणि क्रमांक आला की जूनअखेर रिटर्न आलंच. वयाच्या साठीला टेकलेली कगेहा आयुष्यात पहिल्यांदा रिटर्न भरणार होती.

आणि अदागालाने तिला अट घातली होती. रविवारी उपकारस्तुतीची मोठी सभा, चार गावांची मंडळी येणार. "गायचं असेल तर शून्य भर," त्याने सांगितलं होतं. "गाणं मंडळीचं आहे, तुझं नाही. तुझ्या नावावर कमाई म्हणून लागलं, तर रविवारी ढोल माझ्या घरातून बाहेर येणार नाही."

आता झाडाखाली बसून तो तेच पुन्हा बोलला. "वेदी म्हणजे टपरी नव्हे, कगेहा."

"मी कुठे म्हणाले टपरी, भावोजी?"

"मग शून्य भर. लोक भरतातच. सायबरवाल्याकडे रांग लावायची, क्रमांक सांगायचा, तो बटण दाबतो. चहा निवायच्या आत माणूस मोकळा."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे शून्याचं रिटर्न ही एक रीतच होऊन बसली आहे. ज्याला नोकरी नाही तो शून्य भरतो ते ठीकच; पण ज्याची गाय आहे, मोटरसायकल आहे, दुकानाचा गाळा आहे, तोही त्याच रांगेत उभा राहून शून्यच भरून येतो आणि येताना केळी घेऊन येतो.

"आमच्याकडेही दर साल शून्यच," मुसिंबी रताळ्याकडे बघत म्हणाली. "तंबू आपले हवेवर उभे राहतात. खुर्च्या आपल्या पायांनी चालत मयताला जातात."

"तू रताळी बघ," अदागाला म्हणाला.

वर माथ्यावर इंबुगाला हे सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. काकांचे भाड्याने जाणारे हिरवे तंबू आणि पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या त्यालाही माहीत होत्या. पंचक्रोशीतलं एकही मयत की लग्न त्यांच्याशिवाय पार पडत नसे. पण जावयाने बोलायचं नसतं. तो मळ्याकडे तोंड करून बसला होता, ऊन टाळूवर तापत होतं आणि पानावर गोल चक्र फिरत होतं. एवढ्यात पान उघडलं.

"जेन्देका! पहिला प्रश्न. पत्नीचं उत्पन्न दाखवायचं आहे का?"

जेन्देकाने तो खाली पोचवला.

"कोणाची पत्नी?" कगेहाने विचारलं.

"तुझी."

"अगं, मी विधवा बाई, मला कुठली पत्नी?"

"सगळ्यांना विचारतात, आई! छापलेलाच प्रश्न आहे."

"थांब, थांब," मुसिंबीने सुरी खाली ठेवली. "म्हणजे नवऱ्याला बायकोचं उत्पन्नही दाखवता येतं? अहो, माझ्या अंड्यांचं तुम्ही दाखवलंत कधी?"

"शून्यात तुझी अंडीही आली," अदागाला म्हणाला.

"माझ्या कोंबड्या वर्षभर बसल्या नि शून्य घातलं? त्यांना जाऊन सांगा तोंडावर!"

इंबुगाने हसू दाबलं आणि 'नाही' वर खूण केली. पुढचे प्रश्न सरळ निघाले. घर कर्जावर घेतलंय का? नाही, घर ओंबिमाने स्वतः विटा भाजून बांधलं. नोकरी? नाही. मग तो रकाना आला जिथे गाण्याचा वाटा लिहायचा.

"जेन्देका, आईंना सांग, इथे वर्षभरात मिळालेलं लिहायचं. कंपनीने त्यांच्या क्रमांकावर ते आधीच कळवलंय, थोडा कर कापूनही घेतलाय. इथे शून्य टाकलं तर दोन्हीकडचं जुळणार नाही."

"ऐकलंत, भावोजी?" कगेहा म्हणाली.

"ऐकलं. जावईबापू!" अदागालाने खडकाकडे मान वर केली. "मंडळीच्या नावाने फिरवता येईल का?"

"क्रमांक आईंचा आहे, काका. करार आईंचा. आवाज पण…" इंबुगा थांबला. "मला एवढंच कळतं."

"आवाज!" अदागाला उसळला. "आवाज तिचा, आणि ठेका कोणाचा? ओंबिमाचा! माझ्या भावाने तो ठेका या अंगणात बसून बसवला, मी त्याच्या शेजारी होतो. बोटं फुटली होती त्याची. सगळं हिच्या नावावर लागलं, मग त्याचं नाव कुठे? कोणत्या रकान्यात?"

कगेहाला आत्ता कुठे कळलं, की एवढे दिवस दीर टपरी आणि वेदी म्हणत होता ते यासाठी. तिचा राग उतरला.

"भावोजी," ती हळू म्हणाली, "मेलेल्या माणसाला रकाना नसतो. ठेका तुमच्या हातात आहे ना? तो तिथेच आहे. कागदावर काय शोधताय?"

अदागाला झाडाच्या बुंध्याकडे बघत राहिला.

"आणि शून्याचं म्हणाल, तर माझ्याने लिहवणार नाही. देवाने वर्षभर दिलं. कौलं बदलली, गुडघ्याचं औषध झालं, जेन्देकाच्या बाळंतपणाला रिकाम्या हाताने गेले नाही. आता कोणी विचारलं, बाई, यंदा काय मिळालं? तर मी म्हणू काहीच नाही? मग रविवारी कोणत्या तोंडाने उपकार गाऊ?"

"म्हणजे रविवारी गाणार नाहीस."

"तुम्ही ढोल आणला नाहीत, तर टाळ्यांवर गाईन. टाळ्याही नसल्या, तर मागच्या बाकावर बसून ऐकेन. पण शून्य लिहून पुढे उभी राहणार नाही."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली, पण डोक्याच्या फडक्याचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि मुसिंबीला ते दिसलं. मागच्या बाकावर बसलेली कगेहा! मुसिंबीने रताळ्यांचं टोपलं नवऱ्याच्या जवळून उचललं आणि जावेशेजारी जाऊन बसली. अदागालाने ते पाहिलं.

त्याच वेळी वरून हाक आली. "नेट गेलं!"

"गेलं म्हणजे?" जेन्देका ओरडली. "भरलेलं?"

"आहे, आहे. पण पुढे सरकत नाही. जूनअखेर ना, सगळा देश आत्ता तिथेच बसलाय."

वाट बघण्यावाचून काही करता येईना. चुलीवरचा चहा उतरवला गेला, दुधाची साय त्यावर जमली. अशा वेळी कगेहा जे करते तेच तिने केलं. कोणाकडे न बघता, चहाचा पेला हातात धरून, ती बोलू लागली.

"रस्त्याच्या कडेला दहा माणसं बसली होती. अंगभर रोग. गावात येऊ देत नव्हते कोणी. प्रभू त्या वाटेने गेला…"

ही गोष्ट सगळ्यांनी शंभर वेळा ऐकली होती. तरी मुसिंबीच्या हातातली सुरी थांबली.

"…आणि चालता चालता बरे झाले. दहा जण बरे झाले हो, दहाऽ जण!"

"बरे झाले!" जेन्देका उतारावरून म्हणाली. लहानपणापासून तिच्या तोंडात ते उत्तर बसलेलं.

"लेकराच्या गालासारखी कातडी झाली!"

"बरे झाले!" आता मुसिंबीही.

विहिरीवरची रिकामी प्लॅस्टिकची बादली अदागालाच्या पायाशी पडली होती. त्याने ती कधी उपडी केली, कधी गुडघ्यांत घेतली, त्याला समजलंही नाही. बोटं आपोआप पडू लागली. ओंबिमाचा ठेका. दोन जड, एक हलका, मग तो श्वास घेतल्यासारखा मोकळा क्षण. खडकावर पाठ करून बसलेल्या इंबुगाची रुंद पाठही डोलू लागली.

"आभार मानायला मागे वळून कोण आलं?"

"एकटा आला!"

"पायावर कोण पडला?"

"एकटा पडला!"

"आणि ते नऊ?" कगेहा उभी राहिली होती, चहा पेल्यात हिंदकळत होता. "ते नऊ घरी गेले. कोंबडी कापली, पाहुणे जमवले, नवे कपडे चढवले. मग दारात वहीवाला आला. म्हणाला, बाबांनो, यंदा तुम्हाला काय मिळालं? हात बघतोय तुमचे, धडधाकट आहेत! पाय बघतोय, नाचताहेत! सांगा, काय मिळालं? आणि त्या नऊ जणांनी काय लिहिलं?"

"शून्य!" सगळ्यांनी एका दमात उत्तर दिलं.

"काय लिहिलं?"

"शून्य!"

सगळ्यांत मोठा आवाज अदागालाचा होता. आणि तो शब्द तोंडातून सुटला तसा त्याचा हात बादलीवर उचललेला तसाच राहिला.

ठेका तुटला. कगेहा थांबली. तिने काही त्याच्यावर रोखून गायलं नव्हतं. गाणं जिकडे गेलं तिकडे ती गेली होती. पण मुसिंबी नवऱ्याकडे पाहत होती, जेन्देका काकाकडे पाहत होती, आणि खडकावरची पाठ डोलायची थांबली होती.

अदागालाने बादली बाजूला ठेवली. मग तो उठला. झग्याच्या बाह्या सरळ केल्या, चपला काढल्या. आमच्यात कबुली द्यायची तर अनवाणी उभं राहून द्यावी लागते.

"आज शुक्रवार आहे," तो म्हणाला. "सकाळी मंडळीत मी कबूल केलं, की मेव्हण्यावर रागावलो होतो. ते खरं होतं, पण सोपं होतं." त्याने घसा खाकरला. "माझे तंबू आहेत. खुर्च्या आहेत. मोठं पातेलंही भाड्याने जातं."

"दोन पातेली," मुसिंबी म्हणाली.

"दोन पातेली. दर साल मी सायबरवाल्यापुढे उभा राहतो आणि म्हणतो, शून्य. आणि दर साल उपकारस्तुतीला पहिल्या बाकावर बसून सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणतो." त्याने कगेहाकडे पाहिलं. "तुला शून्य लिहायला सांगत होतो मी. मला वाटलं, मी वेदी राखतोय. मी त्या नऊ जणांना दहावा जोडून देत होतो."

"आमेन," कगेहा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "बसा, भावोजी. पाय भाजतील."

"बसत नाही. जावईबापू, तुझ्या आईंचं झालं की माझं काढ. माझा क्रमांक पाठ आहे."

"काका, मागच्या वर्षांचंही दुरुस्त करावं लागेल," वरून इंबुगा जरा चाचरत म्हणाला. "थोडा दंडही बसेल."

"बसू दे. मागे वळायचं तर चालावं लागणारच." मग बायकोकडे वळून, "अंडीही लिहीन. तुझ्या तोंडाने आकडा सांग."

"आता अंड्यांचं राहू द्या की हो," मुसिंबी घाईघाईने म्हणाली, आणि जेन्देका हसता हसता उतारावर बसलीच.

"आलं!" इंबुगा ओरडला. "नेट आलं! जेन्देका, शेवटची ओळ. आईंना सांग, मी जाहीर करते की वर दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे. यावर खूण करायची."

जेन्देकाने ते खाली सांगितलं. कगेहाने पेला खाली ठेवला, चपला काढल्या, डोक्याचं फडकं नीट बांधलं आणि उजवा हात वर केला.

"आई, टिचकी मारायची आहे नुसती! ते मारतील."

"त्याला मारायची ती मारू दे. बोलायचं माझं मला बोलू दे."

मग सगळेच उभे राहिले. पांढरे झगे, उजवे हात वर, मधे कगेहा. ती चुलीकडे तोंड करून, मोठ्या स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी, कगेहा, जाहीर करते, की वर दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे. जे मिळालं ते देवाने दिलं, आणि ते शून्य नव्हतं."

"आमेन!"

"ते शेवटचं वाक्य छापलेलं नाही," इंबुगा पुटपुटला, आणि त्याने टिचकी मारली. चक्र फिरलं. फिरत राहिलं. खाली कोणी हात खाली घेतला नव्हता. इंबुगाच्या कचेरीत रोज अशी कितीतरी विवरणपत्रं जायची, त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र तो श्वास धरून बसला होता. या बाईने त्याला आपली मुलगी दिली होती, आणि आज, आयुष्यात पहिल्यांदा, काहीतरी काम सांगितलं होतं.

पान हिरवं झालं. पोच आली.

"स्वीकारलं!" तो उडी मारून उठला, संगणक डोक्यावर धरला आणि गर्रकन वळला. "आई, स्वीकारलं!"

आणि तो सरळ तिच्या तोंडाकडे पाहत होता. आणि कगेहाही आनंदाच्या भरात वळली होती, आणि ती सरळ त्याच्याकडे पाहत होती.

"अगं बाई!" मुसिंबीने दोन्ही हात गालांवर ठेवले. जेन्देकाने डोळे झाकले, जणू मोडलेली रीत तिने न पाहिल्याने सांधली जाणार होती. कगेहाने डोक्याचं फडकं तोंडावर ओढलं आणि ती झाडामागे पळाली. इंबुगा मळ्याकडे तोंड करून खाली बसला, त्याचे कान लालबुंद.

"कोंबडी!" अदागाला गरजला. वडीलकीचा निवाडा द्यायला मिळाल्याने तो पुन्हा रंगात आला होता. "सासूचं तोंड पाहिलं, कोंबडी द्यावी लागणार. चांगली, अंड्यावरची."

"माझ्याकडून घे, जावईबापू," मुसिंबी म्हणाली. "भावात कमी-जास्त करू."

"ती विक्री लिहावी लागेल," अदागाला म्हणाला.

मग तो झाडाच्या या बाजूला येऊन उभा राहिला. बुंध्यापलीकडे झग्याचं पांढरं टोक हसण्याने हलत होतं.

"कगेहा. रविवारी लवकर ये. ढोलाचं कातडं उन्हात तापवायला लागेल, ओलीने ढिलं पडलंय. ती दहा जणांचीच गोष्ट घे."

"आणि वडील मंडळी काही म्हणाली तर?"

"मी सगळ्यांत आधी उभा राहीन ना, अनवाणी. माझे तंबू ऐकल्यावर तुझ्या गाण्याबद्दल बोलायला कोणाच्या तोंडात दम राहतो बघू. त्यातले दोघे तर माझ्याच खुर्च्या पुढे भाड्याने फिरवतात आणि शून्यच भरतात."

संध्याकाळी मक्याच्या पिठाच्या उगालीबरोबर तीच कोंबडी शिजली. त्याआधी मुसिंबीने ती पाय बांधून आणली, इंबुगाने तिचे पैसे दिले, जेन्देकाने ती आईच्या हातात ठेवली. कगेहाने ती काखेत धरून थोडा वेळ थोपटली. जावई कुंपणापाशी पाठ करून उभा होता. रुंद पाठ. ती जेन्देकाला हाक मारणार होती, पण मारली नाही.

"इंबुगा," ती म्हणाली. त्याचं नाव तिच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं. "ही पण पुढच्या साली दाखवावी लागेल का रे?"

पाठ तशीच राहिली. पण खांदे हलले.

"नाही, आई," तो कुंपणाकडे बघत म्हणाला. "ही भेट आहे."